सांभाळणाऱ्याचा वाटा



मासळी विकून पैसे हातात आले की आपल्याकडे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि पाण्यात उतरलेल्या प्रत्येक माणसाचा वाटा. हा हिशेब आजोबा-पणजोबांपासून चालत आलाय. पण आज ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांचा वाटा कुठल्याच हिशेबात धरला जात नाही. घरात नवरा किंवा बायको अंथरुणाला खिळलेली आहे आणि जोडीदार रात्रंदिवस तिचं किंवा त्याचं करतोय, अशा घरांबद्दल आज बोलायचं आहे.

विम्याच्या आणि पेन्शनच्या कागदांसाठी आम्ही अशा काही सभासदांच्या घरी जाऊन बसलो. काम कागदाचं होतं, पण बोलणं लांबलं. त्यांनी लिहायला परवानगी दिली, म्हणून लिहितोय. नावं आणि गावं मुद्दाम दिलेली नाहीत. एवढंच सांगतो, घरं आपल्यातलीच आहेत आणि नदीपासून लांब नाहीत.

एका घरातला दिवस

पहिलं घर एका होडीवाल्याचं. सहा वर्षांपूर्वी जाळं ओढताना बंधाऱ्यावरून पाय घसरला आणि ते खाली दगडावर पाठीवर पडले. मणक्यातली नस दुखावली. कमरेखाली ना हालचाल, ना स्पर्श कळत. लघवी-संडासवरचा ताबा गेला. हात मात्र शाबूत आहेत, डोकं तर आपल्या सगळ्यांपेक्षा तल्लख आहे.

त्यांच्या मालकिणीचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. पहिल्यांदा लघवीची पिशवी रिकामी करायची, किती भरली आणि रंग कसा आहे ते बघायचं. मग मालकांची कूस बदलायची. चूल पेटवून पाणी तापवायचं. कोमट पाण्यात फडकं बुडवून अंग पुसायचं, कोरडं करायचं, आणि उजेडात टाचा, खुबे, माकडहाड, पाठ नीट तपासायची. एक दिवसाआड संडासचं बघायचं, त्यात तासभर जातो. मग चहा-नाश्ता, पोराची शाळा, धुणं. अंथरूण-पांघरुणाचं धुणं रोजचंच. त्यानंतर त्या सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसतात. निपाणी भागातल्या कितीतरी घरांची चूल या विडीवर चालते. पण विडीचे पैसे हजारावर मिळतात, आणि हजार विड्या पुऱ्या व्हायच्या आत पाच-सहा वेळा उठावं लागतं. कधी पाणी द्यायचं, कधी कूस बदलायची, कधी पिशवीची नळी मुडपली का ते बघायचं.

रात्रीही सुटका नाही. मोबाईलमध्ये गजर लावलाय. बारा, दोन, चार. सहा वर्षांत सलग चार तास झोप किती वेळा मिळाली, असं विचारलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "काय सांगू अण्णा, आमचं घड्याळ भिंतीवर न्हाई, त्यांच्या पाठीवर हाय."

पाठीवरचं घड्याळ म्हणजे काय

हे वाक्य सगळ्यांनी समजून घ्यावं असं आहे. आपण झोपेत नकळत कूस बदलतो, कारण अंगाला रग लागली की कळतं. ज्याला स्पर्श कळत नाही त्याला रगही कळत नाही. हाडाच्या जागी अंगाचा भार एकसारखा पडून राहिला की तिथलं रक्त थांबतं, कातडी लाल होते, मग काळी पडते आणि आतपर्यंत जखम जाते. त्याला बेडसोअर म्हणतात. वरून रुपयाएवढं दिसतं आणि आत हाडापर्यंत पोचलेलं असतं. भरून यायला महिनेच्या महिने जातात, आणि विष अंगात भिनलं तर जीवही जातो. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. ही मेहेरबानी किंवा हौस नाही, औषधाची वेळ पाळावी तशी ती पाळायची असते.

या घरांकडून आणि डॉक्टरांकडून ज्या गोष्टी कळल्या, त्या इतरांच्या उपयोगाच्या आहेत म्हणून देतो:

लाल झालेली जागा चोळायची नाही. चोळल्यानं आतली कातडी जास्त फाटते. त्या जागेवरचा भार काढायचा. कूस बदलून अर्ध्या तासानंही लाली गेली नाही तर डॉक्टरांना दाखवायचं.

बसायला टायरची ट्यूब किंवा गोल चकती द्यायची नाही. पुष्कळ घरांत हे करतात. मधली जागा मोकळी राहते असं वाटतं, पण कडेच्या दाबानं तिथलं रक्त अडतं. हवेची गादी मिळाली तर चांगलं, पण गादी आली म्हणून कूस बदलणं सुटत नाही.

ओढत सरकवायचं नाही. अंगाखाली दुमडलेली चादर घालून दोघांनी दोन्हीकडून उचलून सरकवायचं. उचलताना आपली पाठ वाकवू नका, गुडघे वाकवा. भरलं जाळं ओढताना जे शहाणपण वापरता तेच इथं लागतं.

लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली ठेवायची. लघवी गढूळ झाली, वास मारायला लागली, थंडी वाजून ताप आला तर वाट बघायची नाही, दवाखाना गाठायचा.

मानेला किंवा पाठीच्या वरच्या भागात मार असेल आणि अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर माणसाला आधी उठवून बसवा आणि नळी मुडपली किंवा तुंबली आहे का बघा. असल्या वेळी रक्तदाब एकदम चढतो. लगेच उतार पडला नाही तर तसंच दवाखान्यात न्या.

आणि एक आपल्या धंद्यातली गोष्ट. या घरात जुन्या नायलॉनच्या दोरीची एक लहान शिडी केलीय. एक टोक पलंगाच्या पायथ्याला बांधलंय, दुसरं मालकांच्या हाताशी. एकेक पायरी धरत ते स्वतः उठून बसतात. मालकिणीच्या पाठीवरचा केवढा तरी भार त्या दोरीनं उचललाय. खर्च काहीच नाही. ज्याच्या हातात जोर आहे त्या प्रत्येकाच्या पलंगाला अशी शिडी असावी.

बाप्यानं केलं तर

दुसऱ्या घरात उलटं आहे. बाईंना लकवा मारला, उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. त्यांचे मालक पूर्वी रात्रभर नदीत असायचे. आता पहाटे शेजारची मावशी दोन तास येऊन बसते, तेवढ्यात काठाकाठानं पाग टाकून येतात. मिळालं तर चिलापी, नशीब असेल तर एखादी वांब किंवा मरळ. मोठी जाळी घरात गुंडाळून ठेवलीत.

हे गृहस्थ बायकोला आंघोळ घालतात, भरवतात, तिची वेणी घालतात. भरवताना तिला नीट ताठ बसवून, लहान घास, डाव्या बाजूनं. गिळलं की नाही ते बघून पुढचा घास. पडल्या पडल्या पाणी पाजलं तर ते श्वासनळीत जातं आणि न्यूमोनिया होतो, हे ते आता दुसऱ्यांना शिकवतात.

त्यांचं दुखणं वेगळं आहे. बाईनं नवऱ्याचं केलं तर लोक म्हणतात, तिचं कर्तव्यच आहे. बाप्यानं बायकोचं केलं तर अर्धे लोक देवमाणूस म्हणतात आणि अर्धे पारावर बसून टिंगल करतात. दोन्ही बोलणी त्यांना नको आहेत. ते म्हणाले, "मला देव बी म्हणू नका आन् बायल्या बी म्हणू नका. एक दिस माझ्या होडीवर कोणतरी चला म्हणा, तेवढं बास."

मनातलं, जे बोललं जात नाही

या घरांत चिडचिड होते. माया कमी झाली म्हणून नाही, झोप नाही म्हणून. तोंडातून कधीतरी वाकडा शब्द जातो आणि मग दिवसभर तोच मनाला खात राहतो. एका घरात बाई म्हणाल्या की कधी कधी वाटतं, देवानं दोघांनाही सोडवावं. आणि लगेच पदरानं तोंड झाकलं. असा विचार मनात आला म्हणून कोणी पापी होत नाही. थकलेला माणूस असा विचार करतो. पण असा विचार रोज यायला लागला, जेवण जाईनासं झालं, तर ते बोललं पाहिजे. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र केव्हाही लावता येतो आणि आपल्या भाषेत बोलता येतं.

अंथरुणावरच्या माणसाचंही ऐका. सगळी कामं दुसऱ्यानं करायची, तीही आपल्या बायकोनं, याची लाज त्याला आतून पोखरते. भेटायला येणारे त्याच्या देखत बायकोलाच विचारतात, "कसं आहे त्यांचं?" अरे, ते समोर आहेत, त्यांनाच विचारा की. पहिल्या घरातले मालक आता पडल्या पडल्या, कुशीवर टेकून फाटकी जाळी शिवतात. सुई-दोरा हातात आला आणि माणूस बदलला. त्यांचं कौतुक करायला जाऊ नका. जाळं शिवायला द्या आणि शिलाईचे पैसे वेळेवर द्या.

बाबा आणि साधनाताई

नवरा-बायकोच्या या नात्याची एक मोठी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातच घडली. बाबा आमटे सगळ्यांना ठाऊक आहेत. कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभं करणारे. पण त्यांच्या पाठीचे मणके इतके खराब झाले होते की आयुष्याची कितीतरी वर्षं त्यांना बसता येत नव्हतं. एक तर उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत भारत जोडो यात्रा निघाली तेव्हा सोबतचे तरुण सायकलवर होते आणि बाबा बसमध्ये आडवे पडून. पुढं ते नर्मदेच्या काठी कसरावदला जाऊन राहिले, तेव्हाही साधनाताई सोबत होत्या. १९४६ ला लग्न झालं, २००८ ला बाबा गेले. एकसष्ट वर्षांचा संसार. बाबांना पुरस्कार मिळाले, त्यांच्या मागं उभं राहिलेल्या माणसाची ओळख त्या मानानं कमी झाली. साधनाताईंनी आपलं आयुष्य 'समिधा' या पुस्तकात लिहिलंय. मिळालं तर जरूर वाचा.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. आनंदवनात साधनाताईंच्या भोवती माणसांचं गाव होतं. आपल्या या घरांत सांभाळणारं माणूस चार भिंतींत एकटं आहे.

आणि निपाणीच्या जवळचं उदाहरण कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं. ऐन तरुणपणी कमरेखालचं अंग लुळं पडलं. त्यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. आपली कहाणी त्यांनी 'चाकाची खुर्ची' या पुस्तकात सांगितलीय. अंथरूण हा शेवट नाही, खुर्ची मिळाली, दार रुंद केलं, उंबरा काढला की माणूस बाहेर येतो, हे त्यांच्या कामातून या भागानं पाहिलंय.

कागद: काय मिळतं, काय मिळत नाही

आपण सीमाभागातले. दवाखाना कोल्हापूरला आणि कागद बेळगावला, अशी आपली ओढाताण. घर कर्नाटकात असल्यानं पेन्शनचे कागद इकडच्या कचेरीतच होणार. म्हणून कोल्हापूरच्या दवाखान्यातलं डिस्चार्ज कार्ड, एमआरआय, बिलं, सगळं एका पिशवीत जपून ठेवा. पुरात तीच पिशवी आधी भिजते, म्हणून प्लॅस्टिकमध्ये ठेवा.

पहिलं काम यूडीआयडी कार्डाचं. हे दिव्यांगाचं ओळखपत्र साऱ्या देशात चालतं. टक्केवारी ४० किंवा त्याहून जास्त असेल तरच बहुतेक योजना लागू होतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलंय, आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होते. म्हणजे पूर्वी कोणी 'बसत नाही' म्हणून परत पाठवलं असेल तर पुन्हा अर्ज करा.

दुसरं पेन्शन. नाडकचेरीत अर्ज होतो. कर्नाटकात ७५ टक्के आणि त्याच्या वरच्या अपंगत्वाला रक्कम जास्त आहे, त्यामुळं कार्डावर टक्केवारी बरोबर लिहिलीय का ते वाचून घ्या.

तिसरं, ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठी नेमलेला गाव पुनर्वसन कार्यकर्ता असतो, त्याला व्हीआरडब्ल्यू म्हणतात. तालुक्याला त्याच्यावर एमआरडब्ल्यू असतो. अर्ज, खुर्ची, साधनं यासाठी त्यांना गाठा. पंचायतीच्या पैशातला एक हिस्सा दिव्यांगांसाठी असतो, तो मागायला संकोच करू नका.

चौथं, सांभाळणाऱ्याचा भत्ता. ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी अशा भत्त्याचा उल्लेख २०१६ च्या कायद्यातच आहे. कर्नाटक सरकारनं २०२४-२५ च्या बजेटमध्ये सांभाळणाऱ्यांसाठी महिना १,००० रुपये जाहीर केले, पण ते सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या चार आजारांपुरते. मणक्याला मार लागलेला किंवा लकवा झालेला माणूस त्या यादीत नाही. ही मागणी आपण संस्थांनी मिळून पुढं रेटली पाहिजे. आज गृहलक्ष्मीचे २,००० रुपये या बायकांच्या खात्यावर येतात आणि डायपर, नळ्या, पिशव्यांतच संपतात.

पाचवं, विमा. मत्स्य संपदा योजनेतल्या गट अपघात विम्यात मच्छीमाराचा अपघाती मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख रुपये, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर २.५ लाख, आणि अपघातानं दवाखान्यात राहावं लागलं तर २५ हजारांपर्यंत मिळतात. वय १८ ते ७०. हप्ता सभासदानं भरायचा नाही, केंद्र आणि राज्य सरकार भरतं. पण नाव यादीत पाहिजे. त्याशिवाय बँकेतून वर्षाला २० रुपयांत पंतप्रधान सुरक्षा विमा मिळतो, तोही काढून ठेवा. ध्यानात ठेवा, हे अपघाताचे विमे आहेत. लकव्यासारख्या आजारात यातलं काही मिळत नाही. आणि अपघात झाला तर त्याच दिवशी संस्थेला कळवा. पोलिसांची नोंद आणि दवाखान्याचे कागद सुरुवातीलाच झाले नाहीत तर पुढं दावा लटकतो.

पावसाळ्याआधीचं काम

आता होडीमालकांना खास विनंती.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं आणि निपाणी-कोल्हापूर रस्ता बंद पडला, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. एवढा मोठा पूर नसला तरी जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड असे खालच्या पातळीचे पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातात. धडधाकट माणूस पाणी दारात आल्यावर निघतो तरी चालतं. अंथरुणावरच्या माणसाला पाणी दारात आल्यावर हलवणं म्हणजे चौघं माणसं, अंधार, पाऊस आणि कंबरभर पाणी. तेवढ्यात नळी ओढली जाते, मणका हलतो, औषधं राहून जातात. आणि घरातली एकटी बाई काय काय उचलणार?

म्हणून असं ठरवू या. अशा प्रत्येक घरामागं एक होडी आणि दोन माणसं मृगाच्या आधीच नक्की करायची. त्यांची नावं आणि फोन नंबर त्या घराच्या भिंतीवर लिहायचे. धरणातून पाणी सोडल्याची दवंडी किंवा मेसेज आला की त्या घराला पहिल्यांदा हलवायचं, गल्लीत पाणी येण्याची वाट बघायची नाही. न्यायला फळी किंवा दार वापरायचं, अंग वाकवायचं नाही. सोबत गादी, जादा पिशव्या-नळ्या, आठवड्याची औषधं आणि ती कागदांची पिशवी. जिथं ठेवायचं तिथं जमिनीवर नको, खाट पाहिजे. आणि तिथंही दर दोन तासांनी कूस बदलायची. पूर आला म्हणून पाठीवरचं घड्याळ थांबत नाही.

दोन तासांचा वाटा

पैशाची मदत संस्था आपल्या परीनं करेल. पण या घरांत बसून आम्हाला कळलं ते असं, की या लोकांना सगळ्यात जास्त कमी पडतो तो वेळ. एका बाईंना विचारलं, दोन तास मोकळे मिळाले तर काय कराल? आम्हाला वाटलं, माहेर म्हणतील, बाजार म्हणतील. त्या म्हणाल्या, "झोपीन."

आठवड्यातून एकदा, दोन तास, कोणीतरी त्या घरात जाऊन बसायचं. पहिल्यांदा घरच्या माणसाकडून कूस बदलायला, पिशवी बघायला शिकून घ्यायचं. अर्ध्या तासाचं काम आहे, जाळं शिवण्यापेक्षा सोपं. पुरुष रुग्ण असेल तिथं बाप्यांनी जायचं, बाई असेल तिथं बायांनी. गप्पा मारायच्या, पाण्याला किती ओढ आहे, कुठं काय लागलं ते सांगायचं. सांभाळणाऱ्या माणसानं तेवढ्यात झोपावं, देवाला जावं, नुसतं नदीकाठी बसून यावं. त्याचा हिशेब कोणी विचारायचा नाही.

ज्यांना अशी पाळी घ्यायची आहे, आणि ज्या होडीमालकांना पुराच्या यादीत नाव द्यायचं आहे, त्यांनी येत्या रविवारी सकाळी दहा ते एक कचेरीत यावं. वही टेबलावर ठेवलेली असेल. ज्यांच्या घरी असं माणूस आहे पण आजवर आम्हाला सांगितलेलं नाही, त्यांनीही यावं. येणं जमत नसेल तर निरोप धाडा, आम्ही घरी येतो.

जय जलदेवता.

— सचिव व संचालक मंडळ